उपयोगिता हा मनातला आकडा नव्हे

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिली: खरेदी करणारा माणूस मनात कुठलंही फंक्शन कमाल करत बसत नाही, मग ग्राहक सिद्धांताचा पायाच खोटा नाही का? दुसरी: एका प्रकरणात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम (प्रत्येक पुढच्या नगाने उपयोगितेत, म्हणजे समाधानात, पडणारी भर कमी होत जाते) शिकवतात आणि लगेच पुढच्या प्रकरणात सांगतात की उपयोगिता फक्त क्रम दाखवते, तिचं माप घेता येत नाही, ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी? तिसरी: तिच्याकडे एका घराच्या तीन वस्तूंच्या खरेदीची बारा महिन्यांची नोंद आहे, नग आणि किमती दोन्हींसह. त्यावर या सिद्धांतातलं नेमकं काय तपासता येईल?

मागणीची समीकरणं आकडेवारीवर बसवणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, आणि हे तिन्ही प्रश्न मला एकच प्रश्न वाटतात. दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याचं उत्तर नीट देता येत नाही.

कागद घ्या. दोन वस्तू आहेत. पहिलीचे नग क्ष, दुसरीचे य. एका माणसाची उपयोगिता क्ष गुणिले य आहे असं धरा. दुसऱ्याची त्या गुणाकाराचा वर्ग आणि तिसऱ्याची त्या गुणाकाराचं वर्गमूळ. आता य तेवढाच ठेवून क्ष एकेकाने वाढवा. पहिल्या माणसाची सीमांत उपयोगिता प्रत्येक वेळी य इतकीच येते, ती घटतही नाही आणि वाढतही नाही. दुसऱ्याची वाढत जाते. तिसऱ्याची घटते. नियमाच्या भाषेत बोलायचं तर ही तीन वेगळ्या स्वभावांची माणसं झाली. पण तिघांना सारखेच पैसे द्या आणि त्याच किमतींना खरेदी करू द्या. तिघंही निम्मे पैसे पहिल्या वस्तूवर आणि निम्मे दुसरीवर खर्च करतील. किमती हव्या तशा बदलून बघा, तिघांच्या पिशव्यांत एका नगाचाही फरक सापडणार नाही.

कारण सोपं आहे. ज्या गठ्ठ्याचा गुणाकार मोठा, त्याचा वर्गही मोठा आणि वर्गमूळही मोठं. क्रम तोच राहिला, आकडे तेवढे बदलले. आणि खरेदीतून दिसतो तो क्रम. तिघांत समान असलेली राशी म्हणजे दोन सीमांत उपयोगितांचं गुणोत्तर. ते तिन्ही वेळा य भागिले क्ष इतकंच येतं. यालाच आपण सीमांत पर्यायता दर म्हणतो: पहिल्या वस्तूचा आणखी एक नग मिळावा म्हणून दुसरीचे किती नग सोडायला माणूस तयार आहे. हा दर घटतो की नाही हे खरेदीत दिसतं. सीमांत उपयोगिता घटते की नाही हे खरेदीत कधीच दिसत नाही. म्हणून "सीमांत उपयोगिता घटते, म्हणून मागणीचा वक्र खाली उतरतो" हे वाक्य उत्तरपत्रिकेत कितीही गुण मिळवून देत असलं तरी तो युक्तिवाद टिकत नाही.

मग दोन्ही प्रकरणं एकाच पुस्तकात का? कारण ती दोन वेगळ्या काळांतली आहेत. १८७१ साली जेव्हन्स आणि मेंगर, १८७४ साली वालरा यांनी किमतीचं स्पष्टीकरण शेवटच्या नगाच्या उपयोगितेतून दिलं, तेव्हा उपयोगिता ही सुखाचं प्रमाण मानली जात होती. एजवर्थने १८८१ मध्ये समवृत्ती वक्र, म्हणजे सारखेच पसंत असलेले गठ्ठे जोडणाऱ्या रेषा, आणले तेही मोजता येणाऱ्या उपयोगितेतूनच. पॅरेटोने १९०६ च्या ग्रंथात हा रस्ता उलटा केला: वक्र हीच आधारसामग्री धरा आणि उपयोगितेला त्या वक्रांवर लावलेले अनुक्रमांक समजा. हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये याच पायावर मागणीचा सिद्धांत पुन्हा उभा केला आणि घटत्या सीमांत उपयोगितेच्या जागी घटता पर्यायता दर बसवला. पाठ्यपुस्तकांनी मात्र जुनं प्रकरण काढलं नाही, नवं त्याच्या शेजारी छापलं. तुमचा गोंधळ तिथून आला आहे आणि तो पूर्णपणे रास्त आहे.

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर पुढे पुन्हा अडाल. निवड जेव्हा अनिश्चित फळांमधली असते, म्हणजे सोडतीसारखी, तेव्हा फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या मांडणीत उपयोगितेच्या आकड्याला क्रमापेक्षा थोडा जास्त अर्थ येतो: शून्य कुठे आणि एकक केवढं, एवढंच बदलता येतं, वर्ग किंवा वर्गमूळ घेता येत नाही. पण तो आकडासुद्धा जोखमीकडे बघण्याची वृत्ती सांगतो, सुखाची मात्रा सांगत नाही.

आता पहिला प्रश्न. सिद्धांत माणसाच्या डोक्यात काय चालतं याबद्दल काहीच म्हणत नाही. त्याचं म्हणणं त्याच्या निवडींमधल्या सुसंगतीबद्दल आहे. सुरुवात फक्त एका संबंधाने होते: "हे त्यापेक्षा कमी पसंत नाही". त्यावर दोन अटी. कुठलेही दोन पर्याय समोर ठेवले तर तुलना करता यावी. आणि साखळी तुटू नये: क हा ख पेक्षा कमी नाही, ख हा ग पेक्षा कमी नाही, तर क हा ग पेक्षा कमी नाही. साखळीच्या या अटीला ट्रान्झिटिव्हिटी म्हणतात, आणि सिद्धांताचं बहुतेक सगळं वजन तिच्यावर आहे.

पर्याय मोजके असतील तर या दोन अटींवरून आकडे देणं पोरखेळ आहे, सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि क्रमांक द्यायचे. पण वस्तूंची मात्रा हवी तितकी बारीक करता येते, पर्याय अनंत होतात आणि इथे गणित खरंखुरं कामाला लागतं. शब्दकोशासारखा पसंतीक्रम घ्या: ज्या गठ्ठ्यात पहिली वस्तू जास्त तो वर, दुसरी वस्तू बघायचीच नाही, पहिली अगदी सारखी असेल तरच दुसरीवरून ठरवायचं. तुलना नेहमी होते, साखळीही तुटत नाही. तरीही या माणसाला कुठलंच उपयोगिता फंक्शन लावता येत नाही.

पडताळा छोटा आहे आणि मला तो अजूनही तितकाच देखणा वाटतो. पहिल्या वस्तूची कुठलीही मात्रा क्ष घ्या. दुसरीचा एक नग सोबत असलेला गठ्ठा, एकही नग नसलेल्या गठ्ठ्यापेक्षा वर आहे. म्हणजे या दोन गठ्ठ्यांच्या आकड्यांमध्ये काहीतरी फट असलीच पाहिजे. क्ष जरासा वाढवला की नव्या क्ष ची फट जुन्या फटीच्या पूर्ण वर जाते, दोन फटी एकमेकींवर कधीच पडत नाहीत. आता प्रत्येक फटीत निदान एक परिमेय संख्या, म्हणजे अपूर्णांकात लिहिता येणारी संख्या, असतेच. म्हणजे प्रत्येक वास्तव संख्येला आपण स्वतःची अशी वेगळी परिमेय संख्या नेमून दिली. पण परिमेय संख्या एक, दोन, तीन अशा मोजत जाता येतात आणि वास्तव संख्या तशा मोजता येत नाहीत, हे कँटरने दाखवून ठेवलं आहे. परिमेय संख्या पुरणारच नाहीत. संख्यारेषेवर या माणसाच्या पसंतीला पुरेशी जागाच नाही.

देब्रू यांनी १९५४ मध्ये याच उदाहरणाने आकड्यांची मर्यादा दाखवली आणि आकडा कधी मिळेल तेही सिद्ध केलं: पसंतीत सांतत्य असेल, म्हणजे गठ्ठ्यात कणभर बदल केल्याने क्रम एकदम उलटत नसेल, तर सांतत्य असलेलं उपयोगिता फंक्शन हमखास मिळतं. इथे थांबून दिशा कुठली ते बघा. आधी पसंती, मग तिच्यावरच्या अटी, आणि शेवटी सोय म्हणून आकडा. माणूस फंक्शन कमाल करतो असं इथे कोणी म्हटलेलं नाही. म्हटलंय ते एवढंच की तो सुसंगत वागत असेल तर त्याचं वागणं जणू कमाल केल्यासारखं लिहिता येतं. त्या "जणू" ला विसरलं की सगळा सिद्धांत खोटा वाटायला लागतो.

सुसंगतीच्या अटीही खऱ्या माणसावर पूर्ण बसतात असं नाही. लूस यांनी १९५६ मध्ये साखरेच्या कणांचं उदाहरण दिलं होतं. कॉफीच्या कपांची लांब रांग लावा, प्रत्येक पुढच्या कपात अगदी कणभर साखर जास्त. शेजारच्या दोन कपांत फरक कोणालाच कळणार नाही, म्हणून दोन्ही सारखेच. पण पहिला कप आणि शेवटचा कप यांत माणूस न चुकता निवड करेल. "सारखेच" ची साखळी इथे तुटली. म्हणून लूस यांनी अर्धक्रमाची (सेमीऑर्डर) रचना मांडली, जिच्यात ठळक पसंतीची साखळी टिकते पण "सारखेच" ची टिकत नाही. आपल्या ज्ञानेंद्रियांना मर्यादा आहेत तोवर ही दुरुस्ती मला मूळ अटीपेक्षा जास्त खरी वाटते. मागणीच्या आकडेवारीत मात्र फरक कणांचे नसतात, त्यामुळे मूळ अट घेऊन काम चालतं.

पसंती दिसत नाही, निवड दिसते. म्हणून १९३८ मध्ये सॅम्युएल्सन यांनी विचारलं: पसंतीचं नावही न घेता, नुसत्या खरेदीवर अट घालता येईल का? आकड्यांत बघू. पहिल्या आठवड्यात किमती २ आणि १ नाणी आहेत, माणूस पहिल्या वस्तूचे ४ आणि दुसरीचे २ नग घेतो. खर्च १० नाणी. दुसऱ्या आठवड्यात किमती १ आणि २ होतात, तो २ आणि ४ नग घेतो. खर्च पुन्हा १०. आता पहिल्या आठवड्याच्या किमतींना दुसऱ्या आठवड्याची पिशवी कितीला पडली असती? २ दुणे ४ अधिक ४, म्हणजे ८. खिशात १० असताना ८ ला मिळणारी पिशवी त्याने सोडली, म्हणजे पहिली पिशवी त्याला जास्त पसंत. दुसऱ्या आठवड्यात हाच हिशेब उलटा करा: पहिली पिशवीही ८ ला मिळत होती, ती त्याने सोडली. म्हणजे दुसरी जास्त पसंत. दोन्ही एकदम होऊ शकत नाही. या माणसाला कुठलंही उपयोगिता फंक्शन लावा, बसणार नाही. आणि हे सांगायला आपल्याला त्याच्या मनात डोकवावं लागलं नाही.

प्रकट पसंतीचा हा कमकुवत नियम. यात दोन-दोन खरेद्यांची तुलना होते. तीन किंवा जास्त खरेद्यांचं चक्र मात्र यातून निसटतं: क ला ख वर पसंती, ख ला ग वर, ग ला पुन्हा क वर, आणि कुठल्याही दोघांत थेट विसंगती नाही. हौथॅकर यांनी १९५० मध्ये कितीही लांब चक्राला बंदी घालणारा सबळ नियम दिला. केनेथ ॲरो यांनी १९५९ मध्ये दाखवलं की माणसाला दोन-दोन आणि तीन-तीन पर्यायांच्या सगळ्या याद्या देऊन निवड बघता आली तर कमकुवत नियमच पुरतो, त्यातून साखळी आपोआप येते. पण बाजार अशा छोट्या याद्या देत नाही, बजेटचा अख्खा त्रिकोण, म्हणजे आहे त्या पैशांत परवडणाऱ्या सगळ्या पिशव्या, समोर ठेवतो. म्हणून तिथे सबळ नियम वेगळा लागतो. वस्तू दोनच असतील तर दोन्ही नियम एकच ठरतात, हे रोझ यांनी १९५८ मध्ये सिद्ध केलं. तीन वस्तूंपासून ते फाटतात. गेल यांनी १९६० मध्ये तसं उदाहरण रचून दाखवलं. तुमच्याकडे तीन वस्तू आहेत, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आफ्रियात यांचा १९६७ चा निकाल याहून पुढे जातो. खरेदीच्या मोजक्याच नोंदी आहेत, त्यांत सोडलेली पिशवी खऱ्या अर्थाने स्वस्त असलेलं कुठलंही चक्र नाही, तर अशा नोंदी हुबेहूब देणारं उपयोगिता फंक्शन नुसतं अस्तित्वात असतं एवढंच नाही, तर ते सांतत्याचं, वाढतं आणि पाठ्यपुस्तकात मागतात तसं अंतर्वक्र मिळतं. याचा एक अर्थ विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही: समवृत्ती वक्र आरंभबिंदूशी बहिर्वक्र, म्हणजे त्याच्याकडे फुगलेले, असतात हे गृहीतक मोजक्या खरेद्यांवरून खोटं पाडताच येत नाही. त्यावर वर्गात होणारा वाद आकडेवारी मिटवणार नाही. साखळी मात्र खोटी पाडता येते, वर दोनच आठवड्यांत पाडली.

एका माणसाबद्दल जे म्हटलं ते गर्दीबद्दल म्हणता येत नाही, आणि यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण "जणू" चा अर्थ इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. गॅरी बेकर यांनी १९६२ मध्ये असा विचार केला: समजा लोकांना पसंतीच नाही, प्रत्येकजण बजेट रेषेवर (सगळे पैसे संपवणाऱ्या पिशव्यांच्या रेषेवर) डोळे मिटून बोट ठेवतो आणि ते विकत घेतो. अशा पुष्कळ लोकांची सरासरी काढा. ती रेषेच्या मध्यावर येईल. म्हणजे निम्मे पैसे पहिल्या वस्तूवर, निम्मे दुसरीवर. ओळखीचं वाटतं का? सुरुवातीच्या क्ष गुणिले य वाल्या माणसाची मागणी अगदी हीच होती. किंमत वाढली की सरासरी मागणी घटते, सगळे नियम पाळले जातात, आणि गर्दीत एकाकडेही पसंतीक्रम नाही. म्हणून बाजाराच्या एकूण आकड्यांवर मागणीचं समीकरण छान बसलं, यावरून ग्राहक सुसंगत आहेत असा निष्कर्ष काढू नका. आणि एकेक माणूस विसंगत वागताना दिसला, यावरून बाजाराचा मागणी वक्र मोडला असंही समजू नका. उलट बाजूने सोनेनशाइन, मँटेल आणि देब्रू यांनी १९७२ ते १९७४ या काळात दाखवलं की प्रत्येकजण पूर्ण सुसंगत असला तरी सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या अतिरिक्त मागणीला (मागणी वजा पुरवठा) जवळजवळ कुठलाही आकार येऊ शकतो. सुसंगती व्यक्तीची असते. तुमची नोंद एका घराची आहे ही म्हणून मोठीच जमेची बाजू आहे. घर म्हणजे व्यक्ती का, हा प्रश्न मात्र उरतो, त्याकडे येतेच आहे.

त्याआधी स्लट्स्कींचं समीकरण, जे किंमत बदलल्याने मागणीत झालेला बदल दोन भागांत तोडतं. ते १९१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात छापून आलं, युद्धाच्या काळात, आणि जवळपास वीस वर्षं त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. पुन्हा क्ष गुणिले य वाला माणूस घ्या. १२० नाणी, किमती २ आणि १. तो ३० आणि ६० नग घेतो. पहिलीची किंमत ३ झाली की तो २० च घेतो. दहा नगांची घट. त्यातली किती वस्तू महागली म्हणून आणि किती तो गरीब झाला म्हणून? जुनी पिशवी परवडेल इतकी भरपाई द्या: ३० गुणिले ३ अधिक ६०, म्हणजे १५०. या पैशांत तो २५ नग घेईल. पाच नगांची घट पर्यायता परिणामाची, उरलेली पाच उत्पन्न परिणामाची. पर्यायता परिणाम नेहमी किमतीच्या उलट जातो, त्याला अपवाद नाही, आणि वर पाहिलेल्या कमकुवत नियमातून तो थेट निघतो. उत्पन्न परिणामावर असं बंधन नाही. निकृष्ट वस्तूत, म्हणजे उत्पन्न वाढलं की जिची खरेदी घटते तिच्यात, तो उलटा फिरतो, आणि त्या वस्तूवर खर्चाचा मोठा वाटा जात असेल तर पर्यायता परिणामाला मागे टाकू शकतो. मग किंमत वाढली की मागणीही वाढते. गिफेन वस्तू ती हीच. जेन्सन आणि मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या अतिगरीब घरांना तांदळावर सूट देऊन पाहिली, तेव्हा सूट असताना त्या घरांतला तांदळाचा खप कमी झाला. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पण स्लट्स्कींच्या कामातली खरी खोल गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे सममिती. पहिलीच्या किमतीत अल्पसा बदल झाल्यावर, भरपाई देऊन, दुसरीची मागणी ज्या दराने हलते, नेमक्या त्याच दराने दुसरीच्या किमतीमुळे पहिलीची मागणी हलते. वरच्याच आकड्यांवर तपासा. या माणसात पहिली महागली तरी दुसरीची मागणी हलत नाही, थेट परिणाम शून्य. भरपाई मात्र दर एका नाण्याच्या वाढीमागे ३० नाण्यांच्या दराने द्यावी लागते, कारण तो ३० नग घेतो. त्यातला निम्मा पैसा दुसऱ्या वस्तूवर जातो, १५ नग वाढतात. आता उलट: दुसरी महागली तर भरपाई ६० च्या दराने, त्यातला निम्मा पैसा पहिलीवर, आणि तिची किंमत २, म्हणजे पुन्हा १५. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा.

हे का होतं? डोंगरावर कुठल्याही वाटेने गोल फिरून मूळ जागी आलात तर तुमची उंची तीच असते. उंची नावाची एकच गोष्ट आहे म्हणून. सममिती नसेल तर वस्तूंच्या जगात असा गोल रस्ता काढता येतो की दर पावलाला माणूस म्हणतो "हे आधीपेक्षा बरं", आणि तरीही तो निघाला तिथेच पोचतो. सममिती म्हणजे साखळीची अटच, किमतींच्या भाषेत लिहिलेली. दोन वस्तूंमध्ये ती फुकट मिळते, तिथे तपासण्यासारखं काही नसतं. तीन वस्तूंपासून ती खरी कसोटी होते. रोझ आणि गेल यांनी जी रेघ आखली तीच इथे पुन्हा भेटते.

या कसोटीचा इतिहास फार काही गौरवाचा नाही. डीटन आणि म्युएलबाउअर यांनी १९८० मध्ये ब्रिटनच्या १९५४ ते १९७४ च्या वार्षिक आकडेवारीवर आपली मागणी प्रणाली बसवली तेव्हा सगळ्या किमती आणि खर्च दुप्पट केल्यावर मागणी तीच राहावी ही साधी अटसुद्धा नाकारली गेली. माझ्या सुरुवातीच्या कामात मी सममिती न तपासताच लादत असे, कारण लादली की अंदाज गुळगुळीत येतात. एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अहवालावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं, "हे कोणाचं घर?" मला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला.

अर्थ असा. ब्राउनिंग आणि कियापोरी यांनी १९९८ मध्ये कॅनडातल्या कौटुंबिक खर्चाच्या आकडेवारीवर सममिती तपासली, पण एकटं राहणाऱ्यांची वेगळी आणि जोडप्यांची वेगळी. एकट्यांच्या बाबतीत ती नाकारता आली नाही. जोडप्यांच्या बाबतीत नाकारली गेली. घरात दोन माणसं आहेत, दोघांच्या दोन पसंती आहेत आणि कोणाचं किती चालतं हे किमती-उत्पन्नाप्रमाणे बदलतं. मग घराला एकच उंची कुठून असणार? त्यांच्या सिद्धांताप्रमाणे जोडप्याच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे भरपाईसह मागणी कशी हलते त्या दरांच्या तक्त्यात, एक सममित भाग आणि त्यात मिसळलेला अगदी साधा (गणिताच्या भाषेत रँक एकचा) दुसरा भाग असायला हवा, आणि आकडेवारीने त्याला विरोध केला नाही. मला या सबंध क्षेत्रातला हा सगळ्यात समाधान देणारा निकाल वाटतो. "सिद्धांत चुकला" असं ज्याला म्हणत होतो, तिथे चुकलं होतं ते घराला एक माणूस मानणं. त्या अटी काटेकोर नसत्या तर हे कळलंच नसतं.

आता तुमच्या बारा महिन्यांकडे. सममितीची संख्याशास्त्रीय चाचणी बारा नोंदींवर करू नका, अंदाज करायच्या सहगुणकांच्या मानाने नोंदी फार कमी आहेत. आणि ती जोडप्याची पुढची कसोटी लावायला किमान पाच वस्तू लागतात, तुमच्याकडे तीन आहेत. प्रकट पसंतीची चाचणी मात्र अगदी करता येईल, तिला समीकरणाचा आकार गृहीत धरावा लागत नाही.

बारा ओळी आणि बारा स्तंभांचा तक्ता करा. ओळ म्हणजे त्या महिन्याच्या किमती, स्तंभ म्हणजे त्या महिन्याची पिशवी. तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत त्या किमतींना ती पिशवी कितीला पडली असती ते लिहा, १४४ आकडे होतील. कर्णावर प्रत्यक्ष खर्च येईल. प्रत्येक ओळीत कर्णावरच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी असलेल्या चौकटींवर खूण करा: या पिशव्या परवडत होत्या आणि सोडल्या. मग खुणांच्या साखळ्या जोडा, संगणकावर वॉर्शल यांच्या पद्धतीने हे क्षणात होतं, व्हॅरियन यांनी १९८२ मध्ये हीच वाट सुचवली. कुठलीही साखळी फिरून अशा जागी आली का, जिथे सोडलेली पिशवी खऱ्या अर्थाने स्वस्त होती, हे बघा.

चक्र सापडलं तर लगेच "विसंगत" असा शिक्का मारू नका, किती विसंगत ते मोजा. वरच्या दोन आठवड्यांच्या उदाहरणात १० च्या जागी ८ नाण्यांचीच पिशवी परवडत होती असं मानलं की विरोध नाहीसा होतो, म्हणून तिथे आफ्रियात यांचा निर्देशांक ०.८ येतो, म्हणजे पैशाचा पाचवा हिस्सा विसंगतीत गेला. ०.९८ आला असता तर मी तो मोजमापाच्या चुकीच्या खाती घातला असता. टिकाऊ वस्तू असेल तर महिन्याची खरेदी म्हणजे महिन्याचा वापर नव्हे. स्वस्त असताना साठा केला की खोटं चक्र उभं राहतं. अशा वस्तूचे दोन-तीन महिने एकत्र करून पुन्हा चालवा.

आणि चक्र नाहीच सापडलं तर? तिथे जास्त सावध राहा. किमतींची परस्पर प्रमाणं फारशी हलली नसतील आणि खर्च महिन्यागणिक वाढत गेला असेल तर बजेट रेषा एकमेकींना छेदतच नाहीत, एकीच्या बाहेर दुसरी अशा बसतात. तिथे कोणीही, कसंही खरेदी करो, नियम मोडताच येत नाही. म्हणून ब्रोनर्स यांनी १९८७ मध्ये सुचवलेली तपासणी करा: तुमच्याच बारा बजेटांवर यादृच्छिक खरेदी करणारी हजार घरं संगणकात बनवा, अगदी बेकर यांच्या गर्दीसारखी, आणि त्यांतली किती नियम मोडतात ते मोजा. नऊशे मोडत असतील आणि तुमचं घर मोडत नसेल, तर तुमच्या हाती काहीतरी लागलं आहे. वीसच मोडत असतील, तर आणखी एक वर्षाच्या नोंदी मिळवा, शक्यतो असं वर्ष निवडून, ज्यात या तीन किमतींची उलथापालथ झाली होती.